नकाशावरची सात नंबर

१

‘सात नंबर थांब्यावर आली आहे,’ असं फोन म्हणाला, म्हणून ऑपरेटर फुटपाथवरून खाली उतरला.

त्याला दिसत नाही, जन्मापासूनच. तो हॉस्पिटलच्या टेलिफोनवर बसतो. गोंगाटातून हवा तो आवाज वेगळा काढणं हा त्याच्या हातचा मळ. मोठ्या इंजिनाची घरघर जवळ आली, ब्रेकही लागला. त्याने दाराचा दांडा धरायला हात पुढे केला. समोर होता विटांचा ट्रक. ट्रकवाल्याने गाडी वळवली म्हणून जीव वाचला, पण हात मोडला.

बस आलीच नव्हती. येणार तरी कुठून? सात नंबरची संध्याकाळची फेरी केव्हाच बंद झाली होती. पण ‘कुठवर’ नावाच्या अ‍ॅपवर ती रोज संध्याकाळी निघत होती, एकेक थांबा घेत होती आणि लोक माना लांब करून रिकामा रस्ता बघत बसत होते.

‘कुठवर’ हे काही कंपनीचं अ‍ॅप नव्हतं. आपापल्या नोकऱ्या सांभाळून चार मंडळींनी ते फुकट बनवलं होतं. परिवहन कार्यालयाकडून येणारी माहिती घ्यायची आणि कुठली बस कुठवर आली ते लोकांना दाखवायचं. अ‍ॅपचं आतलं सगळं काम जगासाठी उघडं होतं. वाटेल त्याने वाचावं, वाटेल त्याने सुधारावं. या मंडळींची मुकादम होती ठमी.

ठमीने शुक्रवारी सकाळी आत्याला फोन केला.

“आत्या, सोमवारी बैठक आहे. ही बस कोण पळवतंय ते सांगता आलं नाही तर कार्यालय आमची माहिती तोडणार. अ‍ॅप संपलं मग. आणि पोलिसातली तक्रार माझ्या नावावर.”

“तुझ्याच का?”

“अ‍ॅपवर जबाबदार म्हणून माझंच नाव आहे ना!”

आत्याचा उभा जन्म विमा कंपनीसाठी खोटे दावे शोधण्यात गेला होता. निवृत्त झाल्यापासून तिला घर खायला उठायचं. पायाला भिंगरी, जिभेला धार, आणि भाचीवर जीव. दुपारी ती बॅग घेऊन भावाच्या दारात हजर.

दार वहिनीने उघडलं. डोळ्यांखाली काळं, पदर खोचलेला. “आलात वन्सं? बरं झालं. यांना तुमची आठवण येते.”

दादाला कुणाची आठवण येत होती हे कोडंच होतं. आयुष्यभर त्याने बस चालवली. निवृत्तीनंतर त्याचं विसरणं सुरू झालं, आणि आता ते इतकं वाढलं होतं की बायकोलाही तो ‘अहो बाई’ म्हणायचा. पण बहिणीला बघून गडी खुलला.

“चिंगे! फ्रॉक कुठे फाडलास?”

“विहिरीपाशी,” आत्या म्हणाली, आणि गप्पांना जी सुरुवात झाली ती थांबेचना. विहीर, मास्तरांची सायकल, चोरलेल्या कैऱ्या. आजचं काही आठवत नाही त्या माणसाला पन्नास वर्षांपूर्वीचं सगळं लख्ख आठवत होतं. बाहेर अंधारून आलं, दिवे लागले. वहिनी कोपऱ्यात टेकली आणि कितीतरी दिवसांनी कुणी बसावं तशी बसली.

ठमी एरवी या वेळी मंडळींच्या खोलीवर असायची. आज मुद्दाम घरी थांबली होती आणि फोनवर नजर रोखून होती.

“आली?” आत्याने विचारलं.

“नाही ना! रोज येते मेली, आणि आज आपण पाळतीवर आहोत तर पत्ता नाही. आत्या, आपण बघतोय हे कुणाला तरी कळलंय.”

२

शनिवारी आत्याने चहा अर्धा टाकून चपला चढवल्या.

आधी डेपो मॅनेजर. टेबलावर काच, काचेखाली जुनी वेळापत्रकं.

“आमच्या गाड्या उशिरा येतात हे सगळ्या गावाला दाखवत होते. आता स्वतः भुताची गाडी दाखवतात! सोमवारी एकदाची कटकट मिटेल,” तो म्हणाला.

“संध्याकाळची फेरी बंद का केलीत?”

“प्रवासीच नव्हते.”

“मग भुताच्या गाडीला माणसं उभी राहतात ती कोण?”

मॅनेजरने घंटी वाजवून शिपायाला बोलावलं. या माणसाला अ‍ॅप नको आहे, हे आत्याने मनात टिपून ठेवलं.

दुसरा व्हॅनवाला. सात नंबरच्याच रस्त्यावर तो माणसं कोंबून न्यायचा. बस बंद पडली म्हणजे त्याची चांदी, असं आत्याला वाटत होतं. पण तोच उखडला.

“चांदी कसली, बाई? भरलेल्या व्हॅनमधून लोक उतरतात! फोन बघतात, ‘सात नंबर निघाली’ म्हणतात आणि चालले थांब्यावर. मी दिवे लावायला आणि ही निघायला एकच गाठ. आभाळ भरलेलं असलं की तीही लवकर निघते.”

“घड्याळाच्या वेळेला नाही निघत?”

“छे! अंधारून आलं की निघते. आणि कधी मधूनच परत पहिल्या थांब्यावर. अशी खुळी बस नाही बघितली.”

तिसरा दाढी. खरं नाव मंडळींनाही आठवत नसावं. अ‍ॅपच्या कामात ठमीच्या बरोबरीचा, आणि अलीकडे तिच्याशी उभा दावा. त्याला अ‍ॅप विकत घेणारी कंपनी हवी होती, तिला नको होती. छापखान्यावरच्या खोलीत तो नखं कुरतडत बसला होता.

“मी केलं असं ठमी म्हणते ना? म्हणू दे. माझं सगळं काम उघड्यावर आहे. कुणीही येऊन वाचावं.”

“आणि वाचतं कोण?”

दाढी पुन्हा नखं कुरतडू लागला.

शेवटी ऑपरेटर. प्लॅस्टरमधला हात उशीवर, चेहरा शांत. आत्यालाच त्याच्यासमोर बसवेना, ती खिडकीशी उभी राहिली.

“मला राग नाही आला असं नाही,” तो म्हणाला. “त्या अ‍ॅपच्या आधी मी थांब्यावर शेजारच्याला विचारत बसायचो, कुठली आली हो? लोक कधी सांगायचे, कधी नाही. अ‍ॅप आलं आणि विचारणं संपलं. आता पुन्हा विचारू म्हणता?”

“त्या गाडीत काही विचित्र वाटलं?”

“एक आहे. पाण्याची टाकी हा थांबा झाला की मधेच ती उभी राहते. फोन सांगतो, गाडी थांबलेली आहे. बायकोला विचारलं, तिथे आहे काय? ती म्हणाली, लाँड्री. थांबा नाहीच तिथे.”

संध्याकाळी आत्या लाँड्रीसमोर उभी होती. लोकांच्या फोनवर बस म्हणजे थांब्यांच्या पट्टीवर सरकणारा एक मणी. ठमीने तिला आतला नकाशा उघडून दिला होता, रस्ते-गल्ल्यांसकट. तो बघायची तसदी आजवर कुणी घेतली नव्हती.

अंधारून आलं. मणी उमटला, थांबे घेत घेत आला आणि बरोब्बर तिच्यापुढे येऊन उभा राहिला. रस्त्यावर एक सायकल आणि एक कुत्रं. अंगावर काटा आला तरी आत्याने स्वतःलाच दटावलं. यायला उशीर होईल हे कळवावं म्हणून तिने उभ्या उभ्या दादाच्या घरच्या लँडलाइनवर फोन लावला.

“वन्सं, नंतर बोलते हं,” वहिनी कुजबुजली. मागे कुणीतरी पेल्यावर चमचा वाजवला, टिंग टिंग. फोन बंद.

मणी हलला. आत्या त्याच्यामागे जवळजवळ धावत सुटली. बाजाररस्त्याच्या तोंडाशी पत्रे ठोकलेले होते. पलीकडे पुलाच्या खांबासाठी खणलेला खड्डा, आत दोन मजली घर मावेल एवढा. सगळी वाहनं गेले वर्षभर वळसा घालून जात होती. मणी थांबला नाही की वळला नाही. सरळ पत्र्यातून गेला आणि खड्ड्यावरून अधांतरी पलीकडच्या थांब्यावर पोचला.

३

“ही गाडी रस्त्यावर धावतच नाही,” रविवारी छापखान्यावरच्या खोलीत आत्या म्हणाली. ती येरझाऱ्या घालत होती. ठमी आणि दाढी एकमेकांकडे पाठ करून बसले होते. “व्हॅनमध्ये फोन ठेवून कुणी फिरत असता तर खड्ड्यात पडला असता. डेपोतल्या कुणी रचली असती तर वळशाच्या रस्त्याने नेली असती, त्यांच्या गाड्या रोज तिकडून जातात. ही गाडी जुन्या रस्त्याने जाते. म्हणजे कधीतरी खरीच धावलेली फेरी कुणीतरी पुन्हा पुन्हा लावतंय. अशी साठवलेली फेरी आहे का तुमच्याकडे?”

दाढी वळला. ठमीही वळली. दोघांचे चेहरे एकदमच उतरले.

“सराव-फेरी,” दाढी म्हणाला.

“नवीन माणूस कामाला आला की शिकायला देतो,” ठमी म्हणाली. “रस्त्यावर न जाता फोनमध्ये बस चालवून बघायची. आत्या, ती बाबांचीच फेरी आहे. निवृत्तीच्या दिवशीची, शेवटची. मी मागे बसून नोंदवली होती. लाँड्रीपाशी त्यांनी गाडी थांबवली आणि आई चढली. नोकरीभर ती कधी त्यांच्या गाडीत बसली नव्हती.”

“आणि हे तुला आता आठवतंय?”

“पट्टीवर नुसता मणी दिसतो गं! आणि सराव-फेरी फोनबाहेर जातच नाही. तशी अटच घातली आहे.”

“माहितीच्या जुन्या वाटेवर घातली आहे,” दाढी हळूच म्हणाला. “मी नवी वाट केली. कार्यालयाची माहिती एखाद्या मार्गावर गप्प असेल तर गाडीतल्या प्रवाशाचा फोन जिथे आहे तिथे बस, असं मानायचं. सात नंबरची फेरी बंद झाली, माहिती गप्प झाली, आणि…”

“आणि नव्या वाटेवर अट घालायची राहिली,” आत्या म्हणाली. “तपासलं कुणी?”

“सगळ्यांना दिसत होतं,” दाढी म्हणाला. ठमीने मान खाली घातली. सगळ्यांना दिसत होतं, म्हणून प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने बघितलं असेल.

“सात सुगरणी आणि भाजी अळणी! बरं, दरवाजा कसा उघडा राहिला ते कळलं. आत कोण आलं? कुणाच्या फोनवरून लागते ही फेरी?”

“ते कळणार नाही,” दाढी म्हणाला. “कुणाचा फोन कुठला हे आम्ही ठेवतच नाही. मुद्दामच. लोकांच्या येण्याजाण्यावर पाळत नको म्हणून.”

“तुझ्याशिवाय कोण करणार हे?” ठमी फिस्कारली. “शुक्रवारी मी घरी पाळत ठेवणार हे तुला ठाऊक होतं. शुक्रवारीच गाडी आली नाही!”

“मला अ‍ॅप विकायचं होतं, बाई! मेलेलं अ‍ॅप कोण विकत घेतं?”

“गप्प बसा दोघं,” आत्या म्हणाली, आणि जन्मल्यापासून पहिल्यांदाच असावी तशी ती एका जागी उभी राहिली. “वाईटावर असलेल्या माणसाने वेळ धरून गाडी लावली असती, गर्दीच्या वेळेची. ही लागते ती अंधारून आलं की. कधी अर्ध्यातून पुन्हा पहिल्यापासून. जणू कुणाला तरी ती दाखवायची आहे, आणि त्याचं समाधान झालं नाही तर परत दाखवायची आहे. शुक्रवारी दाखवायची गरज पडली नाही. शुक्रवारी वेगळं काय होतं, ठमे?”

“आपण बघत होतो.”

“नाही. मी गप्पा मारत होते.”

तिला टिंग टिंग ऐकू आलं. कालचं, फोनमधलं, कंडक्टरच्या घंटीसारखं. चमचा वाजला आणि मणी हलला होता.

“तुझा जुना फोन कुठे असतो?” तिने विचारलं. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला.

“आईला दिला. का?”

आत्या चपला पायात सरकवून जिना उतरत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा! गावभर हिंडून झालं, आणि चोर तिला रोज गरम पोळी वाढत होता.

४

ती घरी पोचली तेव्हा अंधारून आलं होतं आणि दादा दाराशी उभा होता. पायांत बूट, उलटे. हाताने खिसे चाचपत होता.

“किल्ली कुठे गेली? उशीर होतोय. माणसं उभी असतील थांब्यावर. बाजूला व्हा, बाई.”

“अहो, गाडी लावली आहे. या ना आत,” वहिनी काकुळतीला आली होती. तिच्या मनगटावर लाल वळ होते. रोज हा माणूस असाच दाराशी झटत असणार. एकदा तो निघून गेला होता आणि पहाटे डेपोच्या फाटकाशी सापडला होता, हे ठमीने मागे सांगितलं होतं.

आत खिडकीपुढे खुर्ची, खिडकीत बरणीला टेकवून ठेवलेला फोन. फोनवर बारीक आवाजात थांब्यांची नावं चालू होती. शेजारी पेला आणि चमचा.

“वहिनी,” आत्या म्हणाली, “ती गाडी बंद करा.”

ठमी मागोमाग पोचली होती. सांगावं ते तिनेच सांगितलं, आईचा हात धरून. घरात लावलेली गाडी बाहेर सगळ्यांना कशी दिसत होती. ऑपरेटर कसा उतरला.

वहिनी भिंतीला धरून खाली बसली.

“माझ्यामुळे? त्या आंधळ्या माणसाचा हात माझ्यामुळे मोडला? मला वाटलं घरातल्या घरात आहे, खेळण्यासारखं. तूच दाखवलं होतंस ना, बाबांची गाडी म्हणून.”

“चूक आमची आहे, आई. उद्या तेवढंच सांगते. सराव-फेरी बाहेर गेली, बस. तुझं नाव कशाला?”

तिने आत्याकडे बघितलं. आत्याने आयुष्यभर अर्धवट खरं बोलणाऱ्यांनाच पकडलं होतं. त्यातले निम्मे तरी कुणाला तरी वाचवायला तसं बोलत असतात, हे तिला आज पहिल्यांदा कळलं. तिला हो म्हणायचं होतं.

“मी येणार,” वहिनीच म्हणाली. “त्या माणसाला दिसत नाही. त्याला निदान सगळं ऐकू तरी येऊ दे.”

सोमवारी डेपोतल्या खोलीत ती पदर घट्ट ओढून उभी राहिली आणि चमच्याच्या घंटीसकट, काही न लपवता बोलली. ठमीने अटीची चूक सांगितली. दाढीने उठून, ती वाट माझी होती, म्हटलं. ते काही ठमीने सांगितलं नव्हतं.

“म्हणजे घरचाच चोर!” मॅनेजर म्हणाला. “संपलं तर मग. माहिती बंद.”

“हात माझा मोडला आहे, साहेब,” ऑपरेटर म्हणाला. “मला बोलू द्या.” त्याने मान वहिनीच्या आवाजाच्या दिशेने वळवली. “ही चूक अ‍ॅपवर जाहीर लिहा. पूर्ण. आणि पुढे काही नवं केलंत की आधी माझ्या हातात द्या, मी वापरून बघेन. एवढं कबूल असेल तर माझी तक्रार नाही.”

“कबूल,” ठमी म्हणाली.

“आणि साहेब,” आत्या म्हणाली, “नसलेल्या गाडीला रोज माणसं उभी राहत होती. असलेली सोडून बघा.”

मॅनेजर काचेखालच्या वेळापत्रकाकडे बघत राहिला. “बघू,” तो म्हणाला. माहिती मात्र तोडली नाही.

दुपारपर्यंत अट घातली गेली, आणि या वेळी ती चौघांनी वाचली. संध्याकाळी ऑपरेटर ठमीच्या घरी आला. सराव-फेरी आता खरंच घरात राहते का, ते त्याला स्वतःच्या फोनवर तपासायचं होतं.

पण वहिनीने फोन कपाटात टाकला होता. “नाही लावणार. कुणाचा हात मोडला त्या गाडीने.”

बाहेर अंधारून येत होतं. दादा बूट शोधू लागला. आत्याने विहीर काढली, सायकल काढली, कैऱ्या काढल्या. आज काही चालेना. “बाजूला व्हा,” तो म्हणाला, बहिणीलासुद्धा. “माणसं उभी असतील.”

दाराची कडी खडखडली. ऑपरेटर खुर्चीत ताठ बसून ऐकत होता.

“लावा हो,” तो म्हणाला.

वहिनीने ठमीकडे बघितलं, मग कपाट उघडलं. बरणीला फोन टेकला. पहिल्या थांब्याचं नाव ऐकू आलं आणि दादाचे हात कडीवरून सुटले. तो आला, खुर्चीत बसला, हात समोर गोल धरले. पुढचा थांबा. त्याच्या पुढचा. ऑपरेटरचा फोन त्याच्या मांडीवर गप्प होता. बाहेर कुठेच सात नंबर नव्हती.

पाण्याची टाकी झाली. गाडी थांबली.

दादाने मान मागे वळवली. वहिनी त्याच्या खुर्चीमागे उभी होती. दिवसभर जिला तो बाई म्हणत होता तिच्याकडे त्याने बघितलं, आणि त्याचा सगळा चेहरा ओळखीने भरून आला.

“चढलीस? बसलीस ना नीट?”

“बसले,” वहिनी म्हणाली.

आत्याने तोंड खिडकीकडे फिरवलं. कुणीच हललं नाही, पेल्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. तेव्हा ऑपरेटरने धड हाताने टेबल चाचपलं, चमचा शोधला आणि पेल्यावर दोनदा वाजवला.

दादाने गाडी सोडली.